पान एकशे बारा

१

जन्मनोंदीच्या रजिस्टरात एकशे दहाव्या पानानंतर एकदम एकशे तेरावं आलं, तेव्हा कारकुनाला वाटलं, आपल्या बोटाला दोन पानं एकदम चिकटली. त्यानं बोट ओलं केलं, पान मागं घेतलं, पुन्हा उलटलं. एकशे दहा. एकशे तेरा. पाचच दिवसांपूर्वी, गुरुवारी, त्यानं स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहून दिली होती : ‘नोंद आढळली. पान ११२.’

ती नोंद बाजारातल्या एका शिंपीणबाईच्या जन्माची होती. बाजारातले गाळे फक्त नागरिकांनाच ठेवता येतील, असा नवा नियम आला होता आणि नागरिक कोण, तर ज्याची देशात जन्मल्याची नोंद सापडेल तो. शिंपिणीचे घरचे कागद जुन्या आगीत जळालेले. रजिस्टरची दुसरी प्रत वाळवीनं कधीच फस्त केलेली. सुनावणी शुक्रवारी. तोवर पान मिळालं नाही तर तिच्या नावापुढे ‘संशयित’ असा शिक्का बसणार होता. तो एकदा बसला की गाळा जाणार आणि मग एकेक करून बाकीचंही जाणार.

नोंदणी अधिकारी खुर्चीला नवीन होता, पण शहाणा होता. त्यानं पोलिसांच्या आधी दप्तरबाईंना बोलावलं.

दप्तरबाई याच कार्यालयाच्या दप्तरखान्यात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. कोणता कागद कुठल्या कपाटाच्या कुठल्या खणात कुठल्या गठ्ठ्याखाली आहे, हे त्यांना घरातल्या डब्यांसारखं पाठ. जुने लोक म्हणायचे, हरवलेला कागदच बाईंना शोधत येतो.

“बाई, तीन दिवस आहेत,” साहेब म्हणाले.

“पानाला पाय फुटत नाहीत, साहेब. कुणाचे तरी पाय शोधायचे. बघू या.”

एवढं बोलणं होतंय तोच दार ढकलून एक साठीची बाई आत शिरली. ही शिंपिणीची थोरली बहीण. सगळे तिला ताई म्हणत. सरकारी प्रसूतिगृहात तीस वर्षं परिचारिका होती, त्यामुळे सरकारी दाराला ती भीत नसे.

“चोर या इमारतीतलाच आहे!” ती म्हणाली. “माझ्या बहिणीचं पान मला हवंय. शुक्रवारच्या आत. नाहीतर मी इथून हलणार नाही, सांगून ठेवते.”

तिच्या मागं, दाराच्या चौकटीला धरून, शिंपीण उभी होती. ताईपेक्षा दोन वर्षांनी धाकटी, पण दिसायला थकलेली.

“ताई, जाऊ दे ना गं,” ती हळूच म्हणाली. “गेलं तर गेलं.”

दप्तरबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि तिच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांनी कागदासाठी रडणारी माणसं पाहिली होती, भांडणारी पाहिली होती, चक्कर येऊन पडलेलीही पाहिली होती. गेलं तर गेलं म्हणणारं हे पहिलंच.

२

रजिस्टर टेबलावर उघडून बाईंनी आधी ते वाचलं नाही, नुसतं चाचपलं. आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसं.

गेलेल्या पानाची जेमतेम नखभर कड शिवणीला लागून उरली होती. ती कड ब्लेडनं कापल्यासारखी सरळ नव्हती. हिसका देऊन फाडल्यासारखी वेडीवाकडीही नव्हती. मऊ होती, कापसासारखे बारीक तंतू सुटलेली. आणि शेजारची दोन्ही पानं शिवणीपाशी लाटेसारखी उठली होती.

“इथं पाणी कधी सांडलं?” बाईंनी विचारलं.

कारकून ओशाळला. “सांडलं नाही, बाई. गुरुवारी दुपारी घड्याळजी आले होते, त्यांची स्वतःची नोंद बघायला. एकशे दहावर आहे. ते म्हणाले, पान दमट लागतंय, छत गळतं का तुमचं? मी वर बघितलं, छत तर कोरडं. म्हणून मग मी... जरा वेळ रजिस्टर उन्हात ठेवलं.”

“उन्हात?”

“खिडकीत. उघडं.”

“अरे बाबा, ते रजिस्टर आहे, पापड नाही.” बाईंनी सुस्कारा सोडला. “बरं. गुरुवारी हे कुणाकुणाला दाखवलंस?”

वाचकांच्या वहीत दोनच सह्या होत्या. अकरा वाजता शिंपीण, स्वतःची नोंद वाचायला. तिच्याबरोबर आलेली ताई बाहेरच्या बाकावर बसून होती. बारा वाजता घड्याळजी. त्यानंतर मंगळवारपर्यंत रजिस्टर कुलपात.

“तू समोरच बसला होतास?”

“समोरच. पिशव्या, कात्र्या, पेनं सगळं बाहेर ठेवून घेतो आपण. शिंपीणबाईंची कात्रीसुद्धा मीच काढून घेतली. त्या वाचत होत्या अर्धा तास. वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले, म्हणून मी जरा दुसरीकडे बघत बसलो. आईबापांची नावं वाचून होतं लोकांचं असं.”

“आणि घड्याळजी?”

“दहा मिनिटं.” कारकुनानं आवाज खाली आणला. “बाई, एक सांगू? घड्याळजींचा गाळा शिंपिणीच्या गाळ्याला लागून आहे. तिचा गाळा सुटला तर मला द्या, असा अर्ज त्यांनी मागच्याच महिन्यात दिलाय.”

३

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाच्या पोटात बघत होते. त्यांच्यासमोर चिमटे आणि पाती ओळीनं मांडलेली, केस उभा चिरता येईल अशी.

“बसा,” ते मान वर न करता म्हणाले. “मीच चोर, असं ठरवून आला असाल तर उभ्याउभ्याच बोला, माझा वेळ वाचेल.”

“ठरवलं असतं तर मी आलेच नसते. साहेबांना पाठवलं असतं.”

तेव्हा त्यांनी भिंग काढलं. “अर्ज मी दिलाय, खरं आहे. मला जागा पुरत नाही. पण बावीस वर्षं ती माझ्या शेजारी बसते, बाई. माझ्या बायकोच्या आजारपणात दोन महिने माझं दुकान तिनं सांभाळलंय. तिचा गाळा सुटला तर मला द्या, असं लिहिलंय मी. तिला हाकला, असं नाही लिहिलेलं.”

“दोन्हीत फरक फार थोडा आहे, घड्याळजी.”

त्यांचा चेहरा उतरला. “हो. लिहिताना तेवढा कळला नाही.”

“बरं, ते दमट पान. कसं होतं, नीट आठवून सांगा.”

“आठवायला कशाला लागतंय? ओल ही आमच्या धंद्याची सवत. बोटाला लगेच कळते. उजवीकडचं पान, शिवणीपाशी, वरपासून खालपर्यंत एक गार रेघ. पाणी सांडलं तर डाग पसरतो. हा पसरलेला नव्हता, दोऱ्यासारखा सरळ होता.”

“तुम्ही उघडलंत तेव्हाच?”

“उघडल्या उघडल्या. म्हणून तर कारकुनाला हाक मारली. आता बघा, चोरी करायला गेलेला माणूस कारकुनाला हाक मारून पान दाखवेल का?”

दाखवणार नाही. बाई बाजारातून चालत निघाल्या आणि चालता चालता त्यांच्या मनात सगळं जुळत गेलं. कागदाच्या शिवणीत ओला दोरा दाबून ठेवला की काही मिनिटांत कागद तिथं भिजून मऊ पडतो. मग पान अलगद ओढलं तर आवाज न होता सुटून येतं. कड मऊ राहते, तंतू सुटलेली. शेजारच्या पानावर ओलीची सरळ रेघ उमटते. घड्याळजींनी रजिस्टर उघडलं तेव्हा ती रेघ ओलीच होती, म्हणजे पान त्याच्या थोडंच आधी गेलेलं. आणि त्यांच्या आधी त्या टेबलाशी एकच माणूस बसलं होतं.

तिथंच बाई थांबल्या. मागून येणारा एकजण त्यांच्यावर आदळता आदळता वाचला.

ज्या पानावर तिचा गाळा, तिचं घर, तिचं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं, तेच पान शिंपिणीनं स्वतःच काढलं होतं.

४

बसल्या फांदीवर कुऱ्हाड वेडा घालतो. शिंपीण वेडी नव्हती.

बुधवारी बाई तिच्या गाळ्यात गेल्या ते झग्याची बाही उसवल्याचं निमित्त घेऊन. शिंपिणीनं काही न विचारता बाही हातात घेतली, रिळाचा दोरा तोडला, टोक ओठांत धरून ओलं केलं आणि सुईत ओवलं. बाईंनी ते पाहिलं, आणि पाहिल्याचं दाखवलं नाही.

“शुक्रवारी काय कराल?”

“काय करायचं? संशयित तर संशयित. कपडे शिवायला शिक्का लागत नाही.”

“गाळा लागतो.”

“घरी शिवीन.”

“आणि घरातून काढलं तर?”

सुई थांबली. पण तेवढ्यात ताई आली. बाईंना पाहताच तिनं हातातली पिशवी बाजूला ठेवली. “लागला का शोध?”

“लागतोय.”

“लागू दे. कुणाचंही नाव आलं तरी घाबरू नका.” मग ती थोडी अडखळली. “एक विचारू? पान सापडलं, तर सुनावणीत फक्त नाव, गाव, तारीख तेवढीच बघतात, की... सगळं पान वाचतात?”

“सगळं. कुटुंबातल्या प्रत्येकाचे कागद शेजारी ठेवून ताडून बघतात. तुमचेही मागवलेत.”

“माझे चोख आहेत,” ताई म्हणाली. “बाबांनी शपथेवर केलेली नोंद. नोकरीच्या फाइलमध्ये होती, म्हणून आगीतून वाचली.”

“शपथेवर? म्हणजे उशिरा केलेली?”

“हो. हिच्या जन्मानंतर चार वर्षांनी.”

धाकटीच्या हातातून बाही खाली पडली. तिनं ती उचलली नाही. ताईनं उचलून तिच्या मांडीवर ठेवली. दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

मोठीची नोंद धाकटीच्या नंतर. बाई उठल्या. आतापर्यंत सगळेजण विचारत होते की ते पान कुणाला नकोसं झालं. विचारायचं होतं वेगळंच. त्या पानावर असं काय होतं, जे कुणी वाचू नये?

५

पान नव्हतं. पण त्याच्या समोरचं, एकशे तेरावं, पान होतं. आणि त्या साली नोंदी लिहिणारा कारकून टीपकागदाच्या बाबतीत भारी चिकट होता, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. शाई वाळायच्या आत तो रजिस्टर मिटायचा. त्याच्या हातच्या प्रत्येक पानाची फिकट सावली समोरच्या पानावर उलटी उमटलेली असे.

बाईंनी पर्समधला आरसा काढला, खिडकीशी गेल्या आणि एकशे तेराव्या पानावर तिरका धरला. बराच वेळ काही लागेना. मग एक एक अक्षर पाण्याखालून वर यावं तसं दिसू लागलं. बापाचं नाव. आईचं नाव. मुलगी. माहिती देणार : प्रसूतिगृह. आणि त्याच्या पुढचा, अगदी अलीकडे फॉर्ममधून काढून टाकलेला, नववा रकाना.

‘मातेची याआधीची हयात अपत्ये.’

त्याखाली एकच शब्द होता. ‘नाहीत.’

दोन वर्षांनी मोठी असलेली ताई त्या दिवशी या आईची मुलगी नव्हती.

बाई पुन्हा गाळ्यात गेल्या तेव्हा शिंपीण एकटीच होती. बाईंनी दार लोटलं आणि खाली बसल्या.

“नववा रकाना मी वाचला,” त्या म्हणाल्या. “आरशात.”

शिंपिणीनं खुंटीवरचा स्वतःचा कोट काढला, अस्तराची शिवण उसवली आणि आतून घडी न पडलेलं पान काढून बाईंच्या मांडीवर ठेवलं.

“मला माहीत नव्हतं हो,” ती म्हणाली. “त्या टेबलाशी बसून पहिल्यांदा कळलं. आधी वाटलं, लिहिणाऱ्याची चूक. मग आठवलं, आई माझ्या बाळंतपणाच्या शंभर गोष्टी सांगायची, ताईच्या एकही नाही. हे पान पुढं गेलं तर तिची नोंद खोटी ठरणार. तिचं इथं कोण, कुठली, काहीच उरणार नाही. दोरा खिशात होता. डोळ्यांतलं पाणी होतंच, तोंडातही होतं.”

“आणि तुमचं काय?”

“मला वाटलं, एकीचं जायचंच असेल तर माझं जाऊ दे. ताईला कळता कामा नये, बाई. हात जोडते.”

“काय कळता कामा नये?”

दारात ताई उभी होती. हातात धाकटीचा घरी विसरलेला चष्मा. तिनं बाईंच्या मांडीवरचं पान पाहिलं आणि चष्मा मशीनवर ठेवला.

“तू घेतलंस होय,” ती म्हणाली. “मी सगळ्या कार्यालयाला चोर ठरवून आले.”

“ताई...”

“मला ठाऊक आहे. आई जायच्या आधी मला सांगून गेली. नऊ वर्षं झाली.”

“आणि तू गप्प राहिलीस?”

“तूही सहा दिवस गप्पच आहेस की.”

“मग पानासाठी एवढा आरडाओरडा कशाला केलास? त्यात काय लिहिलंय ते तुला...”

“तीस वर्षं मी तेच फॉर्म भरले. नवव्या रकान्यात काय असतं ते तू मला सांगणार?” ताईचा आवाज चढला आणि लगेच फाटला. “तुझा गाळा जात होता, वेडे. माझं काय, माझी नोकरी झाली, सगळं झालं. मोठ्यानं उठून लहानाला जागा द्यायची असते.”

धाकटी तोंडाला पदर लावून रडू लागली. ताई तिच्याजवळ गेली नाही. मशीनच्या चाकावर हात ठेवून तशीच उभी राहिली. बाई पान सांभाळत बसल्या. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही काट्यांच्या. पान दिलं तर मोठी जाणार. दाबलं तर धाकटी जाणार, आणि एकतीस वर्षं जपलेला दप्तरखाना खोटा होणार.

“खोटा अहवाल मी देणार नाही,” अखेर त्या म्हणाल्या. “पण पान देण्याआधी मला एक सांगा, ताई. आईनं तुम्हाला नेमकं काय सांगितलं? शब्द न् शब्द.”

६

ताईचे बाबा बस आगारात होते. हरवलं-सापडलं विभागाच्या खिडकीवर. सीमेपलीकडून त्या वर्षी माणसांचे लोंढे येत होते, जात होते. एका दुपारी प्रतीक्षालय झाडणाऱ्या बाईनं एक लहान मुलगी आणून त्यांच्या खिडकीपुढच्या फळीवर बसवली. तीन महिने बाबांनी वाट पाहिली. कुणी आलं नाही. घरी सहा महिन्यांची तान्ही होतीच. एकीबरोबर दुसरी वाढेल, असं आई म्हणाली. पुढं शाळेत घालायची वेळ आली तेव्हा कागद हवा, म्हणून बाबांनी आपलीच मुलगी अशी शपथ घेतली.

“त्यांनी ती मुलगी आगाराच्या वहीत चढवली होती का?” बाईंनी विचारलं.

“बाबा एक छत्रीसुद्धा नोंदीशिवाय ठेवत नसत.”

गुरुवारी सकाळी दप्तरबाईंनी दप्तरखान्याच्या मागच्या खोलीतलं, कुणी विचारत नाही असं कपाट उघडायला लावलं. आगार बंद पडलं तेव्हा त्याच्या वह्या इथंच आल्या होत्या, आणि पावती बाईंनीच फाडली होती. कारकून शिडीवर चढला. धुळीनं माखलेल्या सतरा वह्या उतरल्या. बाराव्या वहीत, एका चामडी पिशवीच्या आणि एका डाव्या बुटाच्या मध्ये, स्वच्छ अक्षरात नोंद होती : ‘मुलगी. वय अंदाजे अडीच. बोलत नाही. अंगावर पिवळा स्वेटर. कुणी हक्क सांगितला नाही.’ खाली तीन महिन्यांनंतरची तारीख. ‘मी घरी नेली.’ आणि बाबांची सही.

शुक्रवारी सुनावणीत पान एकशे बारा टेबलावर ठेवलं गेलं. शेजारी ताईची शपथेवरची नोंद. सुनावणी अधिकाऱ्यानं नववा रकाना वाचला, दुसरा कागद वाचला आणि चष्म्यावरून दोघी बहिणींकडे पाहिलं.

“यातलं एक खोटं आहे.”

“शपथ खोटी आहे, साहेब,” दप्तरबाई म्हणाल्या. “पान खरं आहे. आणि ही वहीही खरी आहे.” त्यांनी आगाराची वही पुढं सरकवली. “कलम सात, पोटकलम दोन. देशाच्या हद्दीत सापडलेलं, आईबाप माहीत नसलेलं, स्वतःबद्दल सांगू न शकणारं मूल, उलट पुरावा नसेल तर, जन्मानं नागरिक मानावं. या बाईंना खोट्या कागदाची गरजच नव्हती. त्यांच्या वडिलांना कलम माहीत नव्हतं, एवढंच.”

अधिकाऱ्यानं वही दोनदा वाचली. धाकटीचं नागरिकत्व तिथल्या तिथं मान्य झालं. ताईची जुनी नोंद रद्द झाली आणि त्या कलमाखाली चौकशी लागली. वरच्या कार्यालयाकडे कागद जाणार, महिने लागणार, काही वावगं निघालं तर नामंजूरही होणार.

पान काढल्याबद्दल शिंपिणीला लेखी ताकीद मिळाली आणि वाचनकक्षात कायमची बंदी. “तिथं आता माझं काय काम उरलंय?” असं ती म्हणाली, तेव्हा साहेबांनी दुसरीकडे बघितलं. कारकुनाला रजिस्टर उन्हात ठेवल्याबद्दल ज्ञापन निघालं. बाईंनी पान पातळ कागदाची पट्टी लावून जागेवर बसवलं आणि समासात तारीख घालून सही केली. घड्याळजींनी अर्ज मागं घेतला. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

ताईचे सात महिने कठीण गेले. मतदानाचं कार्ड जमा करावं लागलं. मधे निवडणूक आली, तेव्हा धाकटी आत गेली आणि ताई बाहेर तिची पिशवी धरून उभी राहिली. कुणी विचारलं तर म्हणायची, “आज गुडघा दुखतोय.” घरी मात्र ती दर टपालाला दार उघडून उभी असे. एकदा धाकटीनं विचारलं, “नामंजूर झालं तर?” ताई म्हणाली, “तर तुझ्या घरात पाहुणी म्हणून राहीन. पाहुणीला भांडी घासायला लावत नाहीत.” दोघी हसल्या, आणि त्या रात्री दोघींनाही झोप आली नाही.

पत्र आलं ते एका साध्या सोमवारी. प्रमाणपत्र घ्यायला ताई एकटीच गेली, बरोबर कुणी नको म्हणाली. खिडकीवर कारकुनानं कागद फिरवून तिच्यापुढं ठेवला.

“सहीच्या आधी वाचून घ्या, ताई. चूक असली तर आत्ताच दुरुस्त होते.”

तिनं मोठ्यानं वाचलं. जन्मस्थळ : अज्ञात. आईवडील : अज्ञात. सापडल्याचं ठिकाण : बस आगार. नागरिकत्व : जन्मानं. ‘अज्ञात’ शब्दाशी ती दोन्ही वेळा थांबली.

“चूक नाही,” ती म्हणाली, आणि सही केली.

बाहेर पायऱ्यांवर धाकटी उभी होती.

“तू इथं? आणि दुकान?”

“बंद केलं.”

“भर सोमवारी? गिऱ्हाइकं काय म्हणतील?”

“विचारतील कुठं गेली म्हणून. घड्याळजी सांगतील, बहिणीला आणायला गेलीय.”

ताईनं प्रमाणपत्राची सुरळी पर्समध्ये घातली, पर्सची चेन दोनदा ओढून बघितली आणि धाकटीचा हात धरून पायऱ्या उतरू लागली.